सुट्टीच्या दिवशीसुद्धा छातीत धडधडतं, नोकरी सोडून गावी म्हशी वाढवू का?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे 37 वर्षांचे, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटीला, नोकरीला तेरा वर्षं झाली. राहायला कळंब्यात, फ्लॅटचं लोन चालू आहे. बायको पतसंस्थेत नोकरीला, मुलगा तिसरीत. गेल्या सात-आठ महिन्यांपासून पहाटे तीनला जाग येते आणि डोक्यात रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नापास झालेला माल, सुरू होतं ते उजाडेपर्यंत. कंपनीचा व्हॉट्सॲप ग्रुप रात्री अकरा-साडेअकरापर्यंत वाजतच असतो. यांची सुट्टी सोमवारी, पण त्या दिवशीसुद्धा फोन वाजला की छातीत धडधडतं, हात गार पडतात. डॉक्टरांनी ईसीजी काढला, नॉर्मल आला, "टेन्शन घेऊ नका" म्हणाले. दिवसाला आठ-नऊ चहा होतात, सुटलेला मावा (तंबाखू-सुपारी) परत सुरू झालाय, मुलावर ओरडणं वाढलंय. एक गोष्ट त्यांनी जाता जाता लिहिलीय, ऑडिटच्या आठवड्यात रोज बारा-बारा तास काम होतं तरी झोप बरी लागली, पण यांनी होल्ड केलेला, म्हणजे तपासणीत थांबवून ठेवलेला, मालाचा एक लॉट वरून सांगून डिस्पॅचला गेला, पुढं कस्टमरची कम्प्लेंट आली आणि उत्तर यांनाच द्यावं लागलं, तिथून सगळं बिघडत गेलं. घरी काही सांगितलेलं नाही, "तिला मार्चएन्डचं काम, तिला कशाला उगीच टेन्शन." बाकीचे हसतखेळत निभावतात, मग मलाच का जमत नाही, मी कमी पडतोय का, की सरळ राजीनामा देऊन करवीर तालुक्यातल्या गावी धाकट्या भावासोबत म्हशी वाढवाव्यात, असं विचारलंय. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

नमस्कार दादा,

पत्र सावकाश वाचलं. त्यात लॉट आहे, रिजेक्शनचे टक्के आहेत, प्लँट हेड आहेत, गावच्या म्हशी आहेत, आणि बायकोबद्दल ती एकच ओळ. तिच्याबद्दल शेवटी सविस्तर बोलू, आधी तब्येतीचं घेऊया कारण ते थांबवून ठेवण्यासारखं नाही.

ईसीजी नॉर्मल आला हे चांगलंच झालं, पण ईसीजी त्या वेळेपुरतं सांगतो, आणि झोप जाणं, धडधडणं, चिडचिड यामागं थायरॉइड, रक्त कमी असणं, बी-12 कमी असणं, शुगर, बीपी यापैकी काहीही असू शकतं. वडिलांना शुगर आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तुमची तपासणी तर झालीच पाहिजे. एका सकाळी उपाशीपोटी जाऊन रक्त देऊन या आणि रिपोर्ट घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं परत जा. या वेळी फक्त धडधडतं एवढं सांगून उठू नका, तीनला जाग येते, आठ-नऊ चहा होतात, मावा खातो, पोरावर ओरडतो, हे सगळं सांगा, डॉक्टरांना पूर्ण चित्र मिळालं तर तेही वेगळं बोलतील. आणि एक गोष्ट हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठीच सांगते, छातीत दाबल्यासारखं दुखतंय, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जातेय, दरदरून घाम सुटलाय, दम लागतोय, असं झालं तर हे टेन्शनचंच असेल असं स्वतःच ठरवून घरी बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं, तिथं जाऊन काही नाही निघालं तर आनंदच आहे.

फोन वाजल्यावर हात गार पडतात याची तुम्हाला भीती वाटतेय ते कळतंय. धोका वाटला की शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढतं, हृदय जोरात चालतं, कातडीकडचं रक्त मोठ्या स्नायूंकडं वळतं, म्हणून बोटं गार लागतात. कुत्रं अंगावर आलं तरी हेच होतं. तुमच्या शरीरानं गेल्या काही महिन्यांत फोनची रिंग म्हणजेच धोका असं शिकून घेतलंय, कारण बऱ्याच वेळा त्या रिंगनंतर खरंच काहीतरी वाईट ऐकायला मिळालं होतं. यात तुमच्या मनाचा कमकुवतपणा कुठं आला? शरीर जे शिकलंय ते हळूहळू विसरूही शकतं.

आता तुमचा मोठा प्रश्न, बाकीच्यांना जमतं मला का जमत नाही. मला विचारायचंय, बाकीच्यांना जमतं हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही त्यांना चहाच्या गाड्यावर बघता, शिफ्ट सुटताना बघता, तिथं ते हसतात, तसं तुम्हीही हसत असणार. त्यांच्यातल्या कुणीतरी घरी जाऊन तुमच्याकडं बघून असंच म्हणत असेल, त्याचं बरं आहे, तो निवांत असतो. आपल्या कोल्हापुरात तर हे जरा जास्तच आहे, तालमीची माती, तांबडा-पांढरा, फुटबॉलचं ग्राउंड, गडी म्हटला की त्याला काही होत नाही असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळं पाठ दुखते म्हणून सांगायला कुणी लाजत नाही पण झोप येत नाही, भीती वाटते हे सख्ख्या मित्राला पण सांगता येत नाही, आणि सांगितलंच तर तो "भावा, एवढं काय मनावर घेतोस" म्हणतो, प्रेमानंच म्हणतो, पण विषय तिथं बंद होतो.

पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोक्याची 43 फूट हे आपल्याकडं पोराटोरांना पाठ असतं. राजाराम बंधाऱ्यावर 39 झालं म्हटल्यावर काठावरची माणसं सामान माळ्यावर टाकतात, जनावरं हलवतात, त्यांना कुणी भित्रं म्हणत नाही, उलट जो 43 ची वाट बघत बसतो त्याला नावं ठेवतात. तुमची झोप जाणं, पोरावर ओरडणं, सुटलेला मावा परत हातात येणं, हे सगळं 39 फूट आहे. तुम्ही पत्र लिहिलंत म्हणजे तुम्ही वेळेत हललात, कमी पडणारा माणूस असं करत नाही.

दुसरी गोष्ट, तुम्ही पत्रात काम झेपत नाही असं म्हणताय, पण तुमचंच पत्र वेगळं सांगतंय आणि मला वाटतं सगळ्या पत्रातली कामाची गोष्ट तीच आहे. ऑडिटला रोज बारा तास, आणि झोप चांगली. मग काम जास्त म्हणून त्रास होतोय असं कसं म्हणायचं? त्रास सुरू झाला तो तुम्ही होल्ड केलेला लॉट तुमच्या हातातून निघून गेला आणि जबाबदारी मात्र तुमच्याच गळ्यात राहिली तेव्हापासून. रॉबर्ट कारासेक नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं 1979 मध्ये अमेरिका आणि स्वीडनमधल्या कामगारांची माहिती घेऊन हेच दाखवलं होतं की नुसत्या जास्त कामानं माणूस तेवढा खचत नाही, काम भरपूर आणि त्यात स्वतःला ठरवायची मुभा मात्र नाही, अशा ठिकाणी सगळ्यात जास्त त्रास होतो. तुमचं दुखणं मला बरोबर तिथं दिसतंय. मग "रजा घ्या, फिरून या, मन रमवा" या सल्ल्यानं काय होणार, महाबळेश्वरला चार दिवस राहून आलात तरी पाचव्या दिवशी तोच लॉट तिथंच उभा असणार.

तर आता थोडं तुमच्या कामाचंच बोलूया. तुमची फाउंड्री गाड्यांच्या पार्टची कास्टिंग देते असं लिहिलंय, म्हणजे आयएटीएफ 16949 हे गाड्यांच्या पार्टसाठीचं क्वालिटी स्टँडर्ड बहुतेक असणारच, आणि ऑडिट तुम्हीच सांभाळता म्हणजे ते तुमच्याकडं फाइलमध्ये असेल. त्यातलं 5.3.2 कलम काढून परत वाचा. प्रॉडक्ट बरोबर आहे की नाही हे बघायची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला डिस्पॅच थांबवायचा आणि प्रॉडक्शन थांबवायचा अधिकार असला पाहिजे, असं त्यात स्पष्ट आहे. आणि ठरलेल्यापेक्षा वेगळा माल पुढं पाठवायचा असेल तर आधी कस्टमरची परवानगी घ्यायची असते हेही त्याच स्टँडर्डमध्ये आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. म्हणजे कागदावर तुमच्याकडं अधिकार आहे, वापरायची सोय नाही. मग मागणी काय करायची तर "मला त्रास होतोय, काम कमी करा" अशी नको, ती तुमच्या प्लँट हेड सरांना कळणारही नाही आणि पाळताही येणार नाही. एकच साधी गोष्ट मागा, होल्ड केलेला लॉट सोडायचा असेल तर डेव्हिएशनच्या (ठरलेल्यापेक्षा वेगळा माल सोडायच्या) फॉर्मवर सोडणाऱ्याची सही.

बोलायचं कसं, तर कम्प्लेंट आलेल्या दिवशी नको, त्या दिवशी तुम्हीही तापलेले आणि तेही. एखादा शांत दिवस बघून, केबिनमध्ये, दोघंच असताना. "सर, मागच्या वेळी कस्टमरला उत्तर देताना लॉट कुणी सोडला याचं रेकॉर्ड आपल्याकडं नव्हतं, पुढच्या ऑडिटला हा पॉइंट निघू शकतो, म्हणून होल्ड लॉट सोडताना सही घ्यायची पद्धत सुरू करूया का?" इतकंच. यात तक्रार नाही, कुणावर बोट नाही, कंपनीचा फायदा आहे आणि तुमच्या मानेवरचं ओझंही हलतं. सर हो म्हणाले तर उत्तम. टाळलं तरी तुम्ही तुमच्या बाजूनं दोन ओळींचा मेल टाकत चला, अमुक लॉट अमुक कारणासाठी होल्ड होता, आपल्या सूचनेप्रमाणे डिस्पॅच केला, तारीख, वेळ, संपलं. भाषा साधी ठेवा, टोमणा नको. सरांना ते आवडणार नाही अशी भीती वाटेल आणि कदाचित खरंच आवडणार नाही, ते मी नाकारत नाही. पण तुम्ही पहाटे तीनला उठून जे मनातल्या मनात सांगत बसता, मी होल्ड केला होता हो, मी सांगितलं होतं, ते कुठंतरी लिहिलेलं असेल तर ते रोज रात्री परत सांगत बसायची गरज उरत नाही.

आणि एवढं करून जर तिथं तुम्हालाच वेठीला धरलं गेलं, तर मग ती नोकरी बदलायचं खरं कारण तुमच्या हातात आलं. पण ही नोकरी सोडणं आणि हा धंदाच सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बघा, तुम्ही दोन्ही एकत्र बांधल्यात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, एवढ्या फाउंड्र्या आपल्याकडं आहेत, कास्टिंग क्वालिटीतला तेरा वर्षांचा माणूस कुणाला नको असतो? चौकशी करून बघायला राजीनामा द्यावा लागत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपचं. इथं मला असं वाटतं की फोन येण्यापेक्षा फोन येईल म्हणून वाट बघत बसणं जास्त दमवतं. तुम्ही सांगा, रात्री नऊ ते अकरामध्ये ग्रुपवर जे येतं त्यातलं किती त्याच वेळी तुम्ही बघणं गरजेचं असतं? फोटो, "ओके सर", अंगठा, उद्याच्या मीटिंगची वेळ. तुमच्या शिफ्टच्या माणसांना सांगून ठेवा की लाइन थांबली, कस्टमरचा फोन आला तर मला कॉल करा, मी उचलणार, बाकीचं मी सकाळी सातला बघतो, आणि मग ग्रुप म्यूट करा. कॉलची रिंग वेगळी लावा, ग्रुपचा आवाज बंद. पहिला आठवडा हात शिवशिवेल, सारखं उघडून बघावंसं वाटेल, ते होऊ द्या. सोमवारचं असं करा की क्वालिटीला तुम्ही तिघंजण आहात तर सुट्टीच्या दिवशी कुणाला फोन करायचा याची पाळी लावून घ्या, म्हणजे तीनातले दोन सोमवार खरोखर तुमचे. ही गोष्ट सरांकडं तिघांनी मिळून मांडली तर जास्त चालेल, एकट्यानं मांडली की ती रड वाटते. बाकी दोघांना विचारून तर बघा, त्यांनाही हेच हवं असेल असं मला फार वाटतंय.

ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत अशा वाचकांना इथं एक विनंती. रात्री सुचलेलं काम लिहून ठेवा आणि सकाळी पाठवा. तुम्ही विसरू नये म्हणून टाकता, समोरचा माणूस जेवणाचं ताट सोडून उठतो.

आता चहा-मावा-झोप, हे पटकन सांगते. कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण 5 तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या चहातलं अर्धं अकराला अंगात असतंच. आठचे एकदम दोन करू नका, डोकं धरेल, आधी दुपारी तीननंतरचे बंद करा आणि बाकीचे आठवड्याला एक-एक कमी करत या. मावा तर आधी सुटला पाहिजे, कारण तंबाखूनं घटकाभर बरं वाटतं पण निकोटीन हृदयाचे ठोके वाढवतं, म्हणजे धडधड कमी व्हावी म्हणून जे तोंडात टाकताय तेच धडधड वाढवतंय, आणि तंबाखू-सुपारीनं तोंडाच्या कॅन्सरचं काय होतं ते तुम्ही आजूबाजूला बघितलं असेलच. एकदा सुटला होता म्हणजे परत सुटतो, डॉक्टरांकडं जाल तेव्हा तेही विचारा. झोप यावी म्हणून कधीतरी घ्यायचा विचार मनात येत असेल तर नको, दारूनं डोळा लवकर लागतो पण उत्तररात्री झोप तुटते, आणि तुमची झोप तिथंच तुटतेय.

झोपायच्या आधी पाच मिनिटं एका वहीत उद्याची कामं लिहून काढा, फोनवर नको, वहीतच. 2018 मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात 57 तरुणांवर हे करून बघितलं होतं, निम्म्यांनी झोपण्याआधी पुढची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली कामं लिहिली, तर पुढची कामं लिहिणारे सरासरी 9 मिनिटं लवकर झोपले, आणि ज्यांनी जास्त बारकाईनं लिहिली ते अजून लवकर. म्हणजे "रिजेक्शन बघणे" असं नको, "दहा वाजता सँडचा मॉइश्चर रिपोर्ट बघणे, कोअर शॉपच्या मामांशी बोलणे" असं. पहाटे तीनला जाग आलीच तर घड्याळ आणि फोन बघू नका, वीसेक मिनिटांत परत डोळा लागला नाही तर उठून हॉलमध्ये मंद दिव्यात बसा, काहीतरी साधं वाचा, झोप आली की परत जा. सकाळी उठायची वेळ मात्र सोमवारसकट एकच ठेवा.

धडधड सुरू झाली त्या क्षणी करायचं काय, तर श्वास सावकाश घ्या आणि त्याहून सावकाश सोडा, मनात चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, दोन-तीन मिनिटं. श्वास सोडताना हृदयाचा वेग कमी होत असतो म्हणून सोडणं लांबवायचं. हे कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडीवर बसल्या बसल्या होतं, तावडे हॉटेलपाशी ट्रॅफिकमध्ये अडकलात तरी होतं, कुणाला कळत पण नाही. जिमची मेंबरशिप आत्ता नको, आणखी एक काम डोक्यावर यायला नको. कळंब्यात राहताय, तलाव शेजारी आहे, सकाळी अर्धा तास भरभर चाला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, बसलं की झालं.

आता गाव आणि म्हशी. मी नको म्हणणार नाही, पण पत्रातलं तुमचं गाव मला सोमवारी दुपारी जेवायला गेल्यावर दिसतं तसं गाव वाटलं, सावली, वारा, भावाच्या हातचा चहा. धाकटा भाऊ त्याच गावात पहाटे चारला उठतोय ना? म्हशीला सोमवार नसतो, रविवार नसतो, लग्नाला गेलं तरी संध्याकाळच्या धारेला परत यावं लागतं. म्हैस भाकड गेली की दूध नाही पण वैरण-पेंड चालूच, गाभण राहिल्यापासून व्यायला दहा महिने, मधे आजारपण, फॅट कमी लागली की दर कमी. आणि तुमचं गाव भोगावतीच्या काठाला, 2019 आणि 2021 ला जनावरं कुठं हलवली होती ते भावाला विचारा. दर दहा दिवसांनी येणारं दुधाचं बिल आणि दर महिन्याला जाणारा फ्लॅटचा हप्ता यांचा मेळ बसतो का हे कागदावर बघितलंय का तुम्ही? भावाकडची मागच्या बारा महिन्यांची बिलं घ्या, त्यातून पेंड, वैरण, डॉक्टर, मजुरी वजा करा, राहील त्याचे दोन भाग करा. आकडा बघून तरी जावंसं वाटलं तर एक आठवडा रजा टाकून गावी जा, पाहुण्यासारखं नाही, पहाटेची धार, शेण, वैरण सगळं तुम्ही करा, भावाला विश्रांती द्या. आणि त्याला सरळ विचारा की तू मला ये म्हणतोस का? तुम्ही त्याच्या गोठ्यात भागीदार होणार, त्याचं मत पत्रात कुठंच नाही.

कारासेकचं जे आधी सांगितलं ते इथंही लागू होतं. गोठ्यात तुम्हाला ठरवायची मुभा मिळेल का, की तिथंही भावानं ठरवायचं आणि नुकसान झालं तर दोघांनी वाटून घ्यायचं? उत्तर चांगलं आलं तर तुमचा विचार वाटतो तेवढा वेडा नाही. फक्त निर्णय आत्ता नको. आठ महिने नीट न झोपलेल्या माणसाला इथून बाहेर पडायचंय एवढंच दिसतं, कुठं जायचंय ते दिसत नाही. तीन महिने थांबा, तोवर सहीचं, ग्रुपचं, झोपेचं करून बघा, सहा महिन्यांचे हप्ते बाजूला पडतील असं बघा, आणि मग दोघांनी बसून ठरवा.

तीन-चार आठवडे मनापासून करून बघितलं आणि झोप, धडधड तशीच राहिली तर मानसोपचार डॉक्टरांकडं जा, लांबवू नका. खाजगी परवडत नसेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. कुणी बघेल म्हणून जायला जीव धजत नसेल तर आधी 14416 वर फोन करा, ही सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. गोळ्या दिल्या तर त्या जन्मभराच्याच असतात असं नाही, बऱ्याच जणांच्या काही महिन्यांनी डॉक्टर हळूहळू बंद करतात, स्वतःच्या मनानं मात्र अचानक थांबवायच्या नाहीत. आणि आपण नसतो तर बरं झालं असतं असा विचार एकदा जरी मनात आला तर तीन-चार आठवडे थांबायचं नाही, त्याच वेळी फोन करायचा आणि घरच्या माणसाला उठवायचं, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

हे वाचणाऱ्या ज्या बायका नोकरीवरून येऊन परत स्वयंपाकघरात उभ्या राहतात त्यांच्यासाठी वरचं चालायला जा, वही लिहा हे सांगणं अपुरं आहे हे मला कळतं. त्यांच्या बाबतीत आधी घरातलं काम वाटलं गेलं पाहिजे, अर्धा तास मोकळा मिळाल्याशिवाय चालणार कधी? त्यावर वेगळं लिहीन, तशी पत्रं आलेली आहेत.

आता तुमची बायको. तिला कळू नये म्हणून तुम्ही गप्प आहात, पण तुम्ही तीनला उठून बसता ते तिला कळत नाही असं तुम्हाला खरंच वाटतं का? पोरावर ओरडता ते ती ऐकते. तिला फक्त कारण माहीत नाही, आणि कारण माहीत नसलं की माणूस स्वतःच कारण शोधतो, आपलंच काही चुकलं का, पैशाचं काही आहे का, आणखी काही आहे का. तुम्ही तिचं टेन्शन वाचवायला गेलात आणि ते वाढलं असण्याची शक्यता जास्त आहे. शिवाय तुमची सुट्टी सोमवारी आणि तिची आणि पोराची रविवारी, म्हणजे घरात तिघं जण एकत्र असा दिवसच नाही, बोलणार कधी? महिन्यातून एखादा रविवार रजा किंवा बदली घेऊन मिळवा, ती रजा वाया गेली असं समजू नका.

पण बोलायला त्या रविवारची वाट बघू नका. याच आठवड्यात, पोरगं झोपल्यावर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून तिला सांगा की मला काही महिन्यांपासून झोप येत नाहीये, कामावर एक गोष्ट झाली त्यानंतर जास्त झालंय, मी उपाय सांग म्हणून सांगत नाहीये, तुला माहीत असावं म्हणून सांगतोय. होल्ड लॉटची गोष्ट पहिल्यापासून सांगा, ती पतसंस्थेत आहे, वरून सांगितलं म्हणून सही कुणाची आणि उत्तर कुणी द्यायचं हा प्रकार तिला तुमच्यापेक्षा कमी कळत नसणार. गावी जायचा विचार पण सांगा, कारण तिथं गेलात तर तिच्या नोकरीचं आणि पोराच्या शाळेचं काय हा प्रश्न तिचाही आहे, राजीनामा लिहून झाल्यावर तो तिच्यासमोर ठेवणं बरोबर नाही. ती लगेच काही बोलली नाही तर घाई करू नका. आणि ती मार्चएन्डचं, वसुलीचं, तिच्या साहेबांचं सांगायला लागली तर मधेच उपाय सुचवू नका, तिचं पूर्ण बोलून होऊ दे. पोराला दुसऱ्या दिवशी जवळ घेऊन एवढंच सांगा की बाबांची झोप होत नव्हती म्हणून मी ओरडलो, तुझी चूक नव्हती, तिसरीतल्या पोराला तेवढं नीट समजतं.